वर्गणीचं वाचनालय, कराचं वाचनालय

अमेरिकेच्या वायव्य टोकाला, वॉशिंग्टन राज्यात, किंग काउंटी आहे. काउंटी म्हणजे ढोबळमानानं आपला जिल्हा. क्षेत्रफळ सातारा जिल्ह्याच्या साधारण निम्मं. सिएटल शहर याच काउंटीत येतं, पण सिएटलची ग्रंथालयं शहराची आहेत, त्यांचा कारभार निराळा. बाकीची छोटी शहरं, उपनगरं, शेतीची गावं आणि डोंगरातल्या वस्त्या यांच्यासाठी काउंटीची एकच ग्रंथालय-व्यवस्था आहे. सुमारे पन्नास शाखा, सगळ्यांना एकच कार्ड, एकच सूची. १९४२ साली ग्रामीण भागातल्या मतदारांनी मतं देऊन ती उभी केली. आता रेडमंड, बेलव्ह्यू, सॅमॅमिश, रेंटन या भागात मराठी घरं बरीच आहेत, आणि नातवंडं सांभाळायला आलेले आजी-आजोबा दुपारी हमखास या शाखांमध्ये भेटतात.

पुढच्या संवादातली दोन माणसं मी कल्पिलेली आहेत. मामा निवृत्त शिक्षक, सातारा जिल्ह्यातल्या एका ‘ब’ वर्ग सार्वजनिक वाचनालयाचे कार्यवाह. भाची रेंटनला राहते. लहानपणी सुट्टीत ती मामाकडे जायची तेव्हा वाचायची सवय तिला त्याच वाचनालयात लागली. माणसं कल्पित असली तरी ग्रंथालय, मतदान आणि पैशांचा हिशेब खरा आहे. दोघांची मतं मी दोन्ही देशांत ऐकलेली आहेत. मी कुणाच्या बाजूचा आहे ते मधेमधे सांगेनच.

मामा : तुझ्याबरोबर रोज ग्रंथालयात येतोय. इमारत देखणी आहे, माणसं अदबीनं बोलतात, सगळं मान्य. पण एक सांग, मंगळवारी त्या मोठ्या टेबलाभोवती दहा-बाराजण बसले होते, ते काय करत होते? एकाच्याही हातात पुस्तक नव्हतं.

भाची : तो ‘टॉक टाइम’ असतो, मामा. इंग्रजी बोलायचा सराव. कुणी युक्रेनहून आलेलं, कुणी व्हिएतनामहून, कुणी आपल्याकडची सासूबाई. एक स्वयंसेवक विषय काढून देतो आणि सगळ्यांना बोलतं करतो. परीक्षा नाही, फी नाही.

मामा : आणि शेजारच्या खोलीत?

भाची : नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी. फेब्रुवारी ते एप्रिल अशा खोल्यांमध्ये आयकराची विवरणपत्रं भरून देणारे स्वयंसेवक बसतात. संध्याकाळी शाळेच्या मुलांना गृहपाठात मदत. संगणक आहेतच. नोकरीचा अर्ज आता कागदावर कुणी घेत नाही, त्यामुळे घरी इंटरनेट नसलेला माणूस इथंच येतो.

मामा : म्हणजे सेतू कार्यालय, शिकवणी आणि रोजगार विनिमय केंद्र एका छताखाली. ग्रंथालय कुठं आहे त्यात? माझी तक्रार लोकांबद्दल नाही. गरजू माणसाला मदत मिळालीच पाहिजे. पण पाटी ग्रंथालयाची लावायची आणि आत सगळ्या खात्यांची कामं करायची, यात पुस्तकाचा वाटा हळूहळू आक्रसत जातो. जागा तेवढीच, माणसं तेवढीच, पैसा तेवढाच. एक खोली आयकराला दिली की तेवढी कपाटं कमी.

भाची : पुस्तकाची बाजू तुम्ही अजून पाहिलीच नाहीत. मागणीची फळी पाहिलीत ना, दारातून आत आल्यावर उजव्या हाताला?

मामा : चिठ्ठ्या लावलेली पुस्तकं होती ती.

भाची : तीच. कॅस्केड डोंगरांत स्कायकोमिश म्हणून गाव आहे, वस्ती दोनशेच्या आत. तिथं शाखा आहे. व्हॅशॉन बेटावर पूल नाही, फेरीबोटीनं जावं लागतं. तिथंही आहे. स्कायकोमिशच्या पोरानं सूचीत एखादं पुस्तक शोधून मागणी नोंदवली, की ज्या शाखेत प्रत मोकळी असेल तिथला कर्मचारी ती फळीवरून काढतो. गाडी ती प्रेस्टनच्या केंद्रात नेते. तिथं फिरत्या पट्ट्यावर यंत्र बारकोड वाचून कुठलं पुस्तक कुठल्या शाखेचं ते निवडतं. मग ते गावच्या फळीवर येऊन उभं राहतं, चिठ्ठी लावून. पोराला कळवलं जातं. तो येतो, कार्ड यंत्राखाली धरतो आणि पुस्तक घेऊन जातो. पन्नास शाखांचा संग्रह त्या दोनशे माणसांच्या गावाचाही असतो.

मामा : हे मात्र मानायला हवं. आमच्याकडे पुस्तक गावात नसलं तर नसतंच. जिल्ह्याच्या गावी असलं तरी मागवायची सोय नाही. फार तर कुणी एसटीनं जाणारा असेल तर त्याला सांगायचं, येताना आण बाबा.

भाची : आणि जे वाचायला येऊच शकत नाहीत त्यांच्यासाठी फिरती गाडी आहे. वृद्धांच्या निवासांत जाते, पाळणाघरांत जाते.

फिरत्या गाडीचा विषय निघाला म्हणून थोडं थांबतो, कारण काउंटी ग्रंथालयाची सगळी कल्पना या गाडीतच दिसते. अमेरिकेतलं पहिलं काउंटी ग्रंथालय ओहायोत व्हॅन वर्टला १९०१ मध्ये उघडलं. जॉन ब्रमबॅक या बँकरनं मृत्युपत्रात त्यासाठी पैसे ठेवले होते. अट एकच, ग्रंथालय एकट्या गावाचं नको, सगळ्या काउंटीचं हवं. तिकडे मेरीलँडमध्ये वॉशिंग्टन काउंटीच्या ग्रंथपाल मेरी टिटकॉम्ब यांनी आधी पुस्तकांच्या पेट्या गावोगावच्या दुकानांत आणि टपाल कचेऱ्यांत ठेवल्या. पण शेतावरचा माणूस दुकानापर्यंतही येत नाही हे त्यांना दिसलं. मग १९०५ मध्ये त्यांनी दोन घोड्यांची गाडी करून घेतली. बाहेरच्या बाजूंना पुस्तकांच्या फळ्या, आत पेट्या ठेवायला जागा, आणि गाडी हाकायला ग्रंथालयाचाच शिपाई जोशुआ थॉमस. गाडीचा रंग इतका गंभीर होता की एका शेतकऱ्याला ती प्रेतं नेणारी गाडी वाटली आणि त्यानं ती दारातूनच पुढे पिटाळली. त्यानंतर चाकांना आणि दारांना लाल रंग दिला. १९१० मध्ये रेल्वेची धडक बसून ती गाडी मोडली, आणि १९१२ मध्ये तिच्या जागी मोटार आली. टिटकॉम्बबाईंचं म्हणणं असं होतं की पुस्तक घरापर्यंत गेल्याशिवाय ग्रंथालयाचं काम पुरं होत नाही. मला ते आजही शंभर टक्के पटतं.

मामा : आता मुद्द्याचं बोलू. हे सगळं चालतं कशावर?

भाची : घरपट्टीवर. इथं घराची सरकारी किंमत ठरते आणि तिच्यावर ग्रंथालयाचा वेगळा कर असतो. हजार डॉलरमागं पन्नास सेंट ही राज्याच्या कायद्यानं घातलेली कमाल मर्यादा. सात लाखांचं घर असेल तर, कमाल दर धरला तरी, वर्षाला साडेतीनशे डॉलर. आणि नवी बांधकामं सोडली तर एकूण वसुली वर्षाला एका टक्क्याहून जास्त वाढवता येत नाही. वाढवायची असेल तर पुन्हा मतदारांपुढे जावं लागतं. २०१० मध्ये तसं मतदान झालं आणि लोकांनी वाढ मंजूर केली. त्याआधी २००४ मध्ये इमारतींसाठी १७ कोटी २० लाख डॉलरच्या कर्जरोख्यांना मान्यता दिली होती. वाचकाकडून एक पैसा नाही.

मामा : इथंच माझा विरोध आहे. फुकट मिळालं की ते आपलं वाटत नाही. आमचा सभासद महिन्याला वर्गणी देतो. किरकोळ असते, पण देतो. अनामत ठेवतो. त्यामुळे तो वार्षिक सर्वसाधारण सभेला येतो, ताळेबंद वाचतो आणि उभा राहून विचारतो, यंदा दिवाळी अंक इतके कमी का? मला घाम फुटतो त्याच्यापुढे. असा जाब तुमच्या इथला करदाता कुठं विचारतो? त्याला कर भरल्याचंही आठवत नसेल.

भाची : सभासद विचारतो हे खरं. पण जो सभासद होऊ शकला नाही त्याचं काय, मामा? तुमच्या वाचनालयाच्या पायरीवर बसून वर्तमानपत्र वाचणारी माणसं मला आठवतात. आतल्या कपाटाजवळ ती कधीच येत नसत. वर्तमानपत्र मोफत होतं, पुस्तकाला अनामत होती.

मामा : अनामत नाही घेतली तर पुस्तक परत येत नाही.

भाची : इथं अनामत नाही आणि उशिराचा दंडही नाही. करोनाच्या काळात दंड थांबवला होता, मग तो कायमचाच काढून टाकला. शिकागोसारख्या मोठ्या शहरानं २०१९ मध्येच काढला होता. पुस्तक हरवलं तर किंमत द्यावी लागते, पण उशीर झाला म्हणून कुणाचं कार्ड अडत नाही. दंडाच्या भीतीनं माणूस पुस्तक परत आणायचंच टाळतो, मग पुस्तकही जातं आणि वाचकही जातो.

मामा : हे पटण्यासारखं आहे. आमच्याकडेही जुन्या बाकीपायी तोंड चुकवणारे सभासद आहेत. रस्त्यात दिसले तर पलीकडच्या बाजूनं जातात. पण वर्गणीचा मुद्दा मी सोडणार नाही. आणि हे फुकट ग्रंथालय अमेरिकेची मिरास आहे असंही समजू नकोस. सयाजीराव महाराजांनी बडोद्यात हे शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलंय.

भाची : तेही अमेरिकेतलं पाहूनच ना?

मामा : पाहून केलं, पण आपल्या पद्धतीनं केलं. १९०६ मध्ये महाराज अमेरिकेत फिरले. त्याच वर्षी संस्थानात सक्तीचं प्राथमिक शिक्षण सगळीकडे लागू झालं. शाळेतून बाहेर पडलेला पोरगा वाचायला काही नसलं तर अक्षर विसरतो, हे त्यांना कळत होतं. म्हणून १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावलं. तो तीनेक वर्षं राहिला. बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय, ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग, खेडोपाडी फिरणाऱ्या पुस्तकांच्या पेट्या, हे सगळं त्या काळात बसलं. ‘लायब्ररी मिसलेनी’ नावाचं नियतकालिक निघालं. त्यात इंग्रजी, गुजराती आणि मराठी असे तीन भाग असायचे. मराठीत ग्रंथालयशास्त्रावर इतक्या लवकर लिहिलं गेलं ते बडोद्यामुळे.

भाची : मग माझंच म्हणणं खरं झालं. मोफत ग्रंथालय.

मामा : थांब, पूर्ण ऐक. गावात वाचनालय हवं असेल तर नियम असा होता की गावानं आधी आपला वाटा जमवायचा. गावानं जेवढे जमवले तेवढेच प्रांत पंचायतीनं घालायचे आणि तेवढेच सरकारनं. तीन सारखे वाटे. पहिला रुपया गावाच्या खिशातून निघाल्याशिवाय दुसरे दोन येत नसत. महाराजांना ठाऊक होतं की वरून ओतलेलं टिकत नाही.

भाची : पण मामा, तो रुपया गावाचा होता, वाचकाचा नव्हता. पाटलानं दिला असेल, सावकारानं दिला असेल, देवळाच्या फंडातून आला असेल. पुस्तक घ्यायला आलेल्याकडे कुणी मागितला नाही. गावानं मिळून द्यायचं आणि दारात कुणाला विचारायचं नाही. घरपट्टीतून वेगळं काय होतं?

मामा : (जरा थांबून) गाव स्वतःहून देत होतं. कर सक्तीचा असतो. फरक आहे.

भाची : इथंही लोकांनी मत देऊनच तो कर स्वतःवर लावून घेतलाय.

इथं मी भाचीच्या बाजूनं आहे, आणि ते मामांना दुखावण्यासाठी नाही. महाराष्ट्रात वाचनालयं उभी करणाऱ्या माणसांबद्दल मला नितांत आदर आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०चं. देणग्या, वर्गण्या आणि कार्यकर्त्यांचे कष्ट यांवर ही परंपरा उभी राहिली. पण १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा करताना आपण उपकर घातला नाही. कर्नाटकानं १९६५ च्या कायद्यात मालमत्ता करावर ग्रंथालयाचा उपकर ठेवला, तमिळनाडूतही तो आहे. विशेष म्हणजे भारतातला पहिला ग्रंथालय कायदा कोल्हापूर संस्थानानं १९४५ मध्ये केला होता. आपण अनुदानाचा मार्ग धरला. ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘ड’ अशी वर्गवारी, तपासणी, आणि मग हप्ता. हप्ता कधी येईल त्याचा भरवसा नाही. या चौकटीत हजारो वाचनालयं चालतात, आणि त्यांतल्या पुष्कळ ठिकाणी ग्रंथपालाला मिळणारं मानधन रोजंदारीच्या मजुराइतकंही नसतं. मामांच्या वाचनालयातही तेच आहे. ते बोलत नाहीत, पण वर्गणीसाठी ते एवढे अडून बसतात याचं एक कारण हे आहे की दरमहा वेळेवर येणारा पैसा तेवढाच आहे.

भाची : तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट सांगते. तुम्हाला वाटतं ना, इथं पुस्तकासाठी कुणी भांडत नाही?

मामा : वाटतं.

भाची : ई-पुस्तकं माहीत आहेत तुम्हाला. मी मोबाइलवर ‘लिबी’ उघडून वाचते ती. छापील पुस्तक ग्रंथालय एकदा विकत घेतं, मग ते फाटेपर्यंत त्याचं. ई-पुस्तक तसं मिळत नाही. मोठे प्रकाशक ते ठरावीक मुदतीसाठी देतात, बहुधा दोन वर्षांसाठी, आणि किंमत वाचकाला पडते त्याच्या कितीतरी पट. दोन वर्षं झाली की प्रत नाहीशी होते. हवी असेल तर पुन्हा पैसे.

मामा : म्हणजे ते भाडं झालं. दाखल नोंदवहीत काय लिहायचं मग?

भाची : तेच तर. २०१९ मध्ये मॅकमिलन या प्रकाशनानं आणखी पुढची पायरी गाठली. १ नोव्हेंबरपासून नवं पुस्तक आलं की पहिले आठ आठवडे एका ग्रंथालय-व्यवस्थेला एकच ई-प्रत. व्यवस्था खेड्याची असो की आमच्यासारखी, दहा लाखांहून कितीतरी जास्त लोकांची. प्रत एकच. आठ आठवड्यांनंतर हव्या तेवढ्या घ्या, साठ डॉलरला एक, दोन वर्षांसाठी.

मामा : म्हणजे ज्याला घाई आहे त्यानं विकत घ्यावं.

भाची : हेतू तोच होता. तेव्हा किंग काउंटीच्या संचालक लिसा रोझेनब्लम यांनी जाहीर केलं की आम्ही मॅकमिलनची नवी ई-पुस्तकं घेणारच नाही. अंशतः नव्हे, सरसकट नकार. त्यांचं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. एक प्रत घेतली तर हजारो माणसं महिनोन्‌महिने रांगेत थांबतात, आणि पैसेवाल्याला आज आणि बाकीच्यांना नंतर हे तत्त्व ग्रंथालयानं मान्य केल्यासारखं होतं. ई-पुस्तकं वाचणाऱ्यांमध्ये ही व्यवस्था देशात अगदी पुढे आहे, त्यामुळे या नकाराला वजन होतं. इतरही अनेक ग्रंथालयांनी तसंच केलं. मार्च २०२० मध्ये मॅकमिलननं तो नियम मागे घेतला.

मामा : वा! हे मला फार आवडलं. प्रकाशकाला सरळ नाही म्हणणं. आमच्याकडे असं कुणी करू शकणार नाही. एकेकट्या वाचनालयाची खरेदी किती? पंचवीस-तीस हजारांची यादी घेऊन गेलो तर विक्रेता चहा देतो, सवलत किती ते तो ठरवतो.

भाची : म्हणून एकत्र व्यवस्था हवी, मामा. एकटं गाव वाटाघाटी करू शकत नाही.

मामा : एकत्र असण्याचं बळ पाहिलं. आता एकत्र असण्याची किंमत सांगतो. बाहेरच्या गाडीवर स्वस्तात पुस्तकं विकायला होती ना? त्यांवर ग्रंथालयाचे शिक्के होते. मी दोन उचलून पाहिली. एक रेल्वेच्या इतिहासावरचं होतं, बांधणी मजबूत, पान एकही सुटं नाही. का विकलं ते?

भाची : निर्लेखन. बरीच वर्षं कुणी नेलं नसेल. यंत्रात नोंद असते, किती वेळा बाहेर गेलं, शेवटचं कधी. जागा मर्यादित असते. ‘फ्रेंड्स ऑफ द लायब्ररी’ म्हणून स्वयंसेवकांची मंडळं असतात, ती ही पुस्तकं विकतात आणि पैसे ग्रंथालयाच्याच कार्यक्रमांना देतात. फेकून दिलेलं नाही.

मामा : विकलं काय, फेकलं काय, संग्रहातून गेलं. कुणी नेलं नाही म्हणून निरुपयोगी ठरवणारे आपण कोण? आमच्या वाचनालयात एका माणसानं शिलालेखांवरचं एक जुनं पुस्तक मागितलं. त्याआधी ते कुणीही नेलं नव्हतं. कपाटाच्या सगळ्यांत वरच्या फळीवर होतं, कागद पिवळा पडलेला, बांधणी कसरीनं खाल्लेली. स्टूल घेऊन मीच काढून दिलं, धूळ झटकून. तो माणूस तिथंच टेबलाशी संध्याकाळपर्यंत बसला. तुमच्या यंत्रानं ते पुस्तक केव्हाच बाद केलं असतं.

भाची : तसं पुस्तक विद्यापीठाच्या ग्रंथालयात असतं इथं. आणि आमच्याकडे नसलं तर आंतरग्रंथालयीन देवघेवीतून मागवता येतं, पार दुसऱ्या राज्यातून.

मामा : सगळ्यांनी म्हटलं की दुसऱ्याकडे असेल, तर कुणाकडे राहील?

भाची : …पण सगळं ठेवलं तर नव्या पुस्तकाला जागा कुठली? तुमच्याकडे कपाटं बंद असतात, वाचकानं नाव सांगायचं आणि तुम्ही काढून द्यायचं. इथं मोकळ्या फळ्या आहेत. चार वर्षांची पोरगी स्वतः हात घालून पुस्तक ओढते. तिच्या हाताला येईल ते तिच्या उपयोगाचं हवं, नेटकं हवं.

मामा : पोरांची फळी नेटकी ठेवा, मी कुठं नको म्हणतो. पण जाड पुस्तकाच्या आयुष्याचा निर्णय आकड्यावर सोपवू नका. माणसानं हातात घेऊन ठरवावं. त्या गावातल्या माणसानं.

या जागी मी मामांच्या बाजूला सरकतो. किती वेळा बाहेर गेलं हा आकडा लोकप्रियतेचा असतो, मोलाचा नसतो. निर्लेखन करावंच लागतं, ओल लागलेलं आणि कालबाह्य झालेलं काढावंच लागतं. पण ज्या पुस्तकाची दुसरी प्रत राज्यात कुठं आहे हेच माहीत नाही, ते बाहेरच्या गाडीवर जाण्याआधी कुणीतरी क्षणभर हातात धरायला हवं. मोठ्या व्यवस्थेत तो क्षण सगळ्यांत आधी गाळला जातो, कारण वेळेचा हिशेब तिथंच दिसतो.

मामा : तू मघापासून मतदान मतदान म्हणतेस. या रेंटनचं काय झालं ते तुझ्या नवऱ्यानं मला सांगितलंय.

भाची : त्र्येपन्न मतं.

मामा : हो, त्र्येपन्न मतं! गावाचं स्वतःचं ग्रंथालय होतं. १९१४ पासून, उद्योगपती कार्नेगीच्या देणगीतून झालेलं. मग १९६६ मध्ये ही नदीवरची इमारत बांधली. शहराचा पैसा, शहराचा कारभार. आणि २०१० मध्ये त्र्येपन्न मतांच्या फरकानं ते काउंटीत विलीन झालं. निम्म्या गावाला नको होतं ते.

भाची : शहराकडे पैसा उरला नव्हता. तास कमी होत होते, नवी पुस्तकं येत नव्हती. काउंटीत गेलो म्हणून संग्रह मिळाला. मघाशी सांगितलेली मागणीची फळी मिळाली, ती त्यामुळेच.

मामा : आणि मग काउंटी आणि शहर मिळून इमारतच दुसरीकडे हलवायला निघाले. हे होणारच होतं. वर गेलेला निर्णय खाली विचारून होत नाही.

भाची : पण हलली का? तुम्ही रोज त्याच इमारतीत बसता.

तिथं मीही बसलोय, म्हणून सांगतो. सीडर नदी रेंटन गावातून वाहते आणि ग्रंथालयाची इमारत नदीवर आडवी आहे, या काठापासून त्या काठापर्यंत, पुलासारखी. शरद ऋतूत सॅमन मासे समुद्राकडून वर चढत येतात आणि बरोबर या इमारतीच्या खालून जातात. लांबलचक, लालसर झालेले, पाठ उथळ पाण्याबाहेर काढून प्रवाहाशी झटणारे. शाळेची पोरं कठड्याला लोंबकळून त्यांना मोजतात आणि मग आत येऊन माशांची पुस्तकं मागतात. नवी इमारत गावातल्या मोकळ्या जागेवर बांधायचं ठरत होतं. लोकांनी हजारो सह्या गोळा केल्या. ऑगस्ट २०१२ मध्ये प्रश्न मतदानाला आला आणि मतदारांनी प्रचंड बहुमतानं सांगितलं की ग्रंथालय नदीवरच राहील. नूतनीकरण होऊन २०१५ मध्ये ते पुन्हा उघडलं.

मामा : ते लोकांनी भांडून मिळवलं. व्यवस्थेनं दिलेलं नाही. दरवेळी सह्या गोळा करायला माणसं कुठून आणणार? काउंटीच्या ग्रंथालय मंडळाचे सदस्य कोण निवडतं?

भाची : काउंटीचा प्रमुख नेमतो, कौन्सिल मान्यता देतं. लोक थेट निवडत नाहीत.

मामा : बघ. माझ्या कार्यकारिणीतला प्रत्येक माणूस मतदानानं येतो, आणि त्याचं घर सभासदाला माहीत असतं. पडक्या छपराबद्दल बोलायचं तर लोक रात्री नऊ वाजता दार वाजवतात.

भाची : आणि छप्पर दुरुस्त होतं का?

मामा : (बऱ्याच वेळानं) तीन पावसाळे ताडपत्री आहे. अनुदानात बसत नाही.

भाची : मी तेच म्हणते. समिती तुमची असावी आणि पैसा जिल्ह्याच्या घरपट्टीतला असावा. दोन्ही हवं.

मामा : दोन्ही हवं हे बोलायला सोपं आहे. पैसा ज्याच्याकडून येतो त्याचं चालतं. उद्या उपकर लागला तर पहिल्या वर्षी जिल्ह्याच्या गावाहून पत्र येईल, खरेदीची यादी आम्ही पाठवू, तुम्ही सही करा. मग तो रात्री नऊला दार वाजवणारा माणूस माझ्याकडे कशाला येईल?

भाची : म्हणजे उपकर नको?

मामा : नको असं नाही म्हणत. तीस वर्षं परिषदांमध्ये मी ठरावाला हात वर केलाय उपकराच्या बाजूनं. हवाच आहे. पण तो येईल तेव्हा बडोद्यासारखा यावा. गावाचा वाटा, जिल्ह्याचा वाटा, राज्याचा वाटा, आणि गावाच्या वाट्याबरोबर गावाचा अधिकार, लेखी. आता परत गेल्यावर येत्या सभेत एक विषय मांडतो. सातवीपर्यंतच्या मुलांची अनामत बंद.

भाची : आणि वर्गणी?

मामा : मुलांची तीही बंद. मोठ्यांची राहील.

भाची : पुस्तकं परत आली नाहीत तर?

मामा : शाळेत जाऊन आणीन. सगळी पोरं ओळखीची आहेत. ते मला जमतं, तुमच्या प्रेस्टनच्या यंत्राला जमायचं नाही.

भाची : आणि उपकर लागलाच, आणि तुमचं वाचनालय त्यात घ्यायचं ठरलं, तर पहिली अट काय घालाल?

मामा : बाद करायच्या पुस्तकांची यादी आमच्याच टेबलावर होईल. तेवढं लिहून द्या, बाकी सगळ्या कागदांवर सही करतो.